नाताळच्या ताटातील शेंगदाणा

'नाताळ' हा शब्दच मुळी आपल्याकडे जहाजाने आला. पोर्तुगीज भाषेत 'नाताल' म्हणजे जन्माचा सण. कोकणच्या किनाऱ्यावर त्या 'ल'चा 'ळ' झाला आणि शब्द घरचा झाला. आज मराठी बोलणाऱ्या कोणालाही तो परका वाटत नाही. शब्दांच्या बाबतीत जे घडले तेच पदार्थांच्याही बाबतीत घडले. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या परिसरातील आम्हा कॅथलिक कुटुंबांतून नाताळच्या आठवड्यात शेजारीपाजारी जे ताट जाते, त्यावरचा विणलेला रुमाल बाजूला सारून पाहिले तर चार खंडांचा इतिहास त्यात शेजारी शेजारी मांडलेला दिसतो. नेवऱ्या असतात, दोदोल असतो, काट्याच्या पाठीवर वळलेली कुलकुले असतात, एखाद्या घरून बिबिंकही येते. आणि गेल्या काही वर्षांत या मंडळींच्या रांगेत एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. भाजलेल्या दाण्याचे कूट लोण्यासारखे मऊ वाटून, त्याचे गोळे वळून, वितळलेल्या चॉकलेटात बुडवून केलेला हा पदार्थ घरातील तरुण मुली हौसेने करतात, आणि वडीलधारी मंडळी तो चाखतात, पण जरा संशयाने.

संशय असा, की हे आपले कसे? नेवरी आपली, दोदोल आपला. हे चॉकलेटचे खूळ परदेशी. प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे. परंतु ज्या समाजाला 'तुम्ही इथले की बाहेरचे?' हा प्रश्न अधूनमधून ऐकावा लागतो, त्या समाजाने 'आपले' आणि 'परके' हे शब्द जपून वापरलेले बरे. म्हणून या लेखात आम्ही नाताळच्या ताटाची वंशावळ थोडी तपासून पाहणार आहोत.

उपवासातून आलेला गोडवा

प्रथम ताटाचे नाव पाहू. गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळच्या गोडधोडाच्या वाणाला 'कोंसवाद' म्हणतात. मंगळूरकडे तेच 'कुस्वार' होते. दोहोंचे मूळ पोर्तुगीज 'कोन्सुआदा' या शब्दात आहे, आणि त्याचे नाते लॅटिनमधील सांत्वनवाचक शब्दाशी सांगितले जाते. पोर्तुगालमध्ये कोन्सुआदा म्हणजे उपवासाच्या दिवशी रात्री घेतलेला हलका आहार. पुढे नाताळच्या पूर्वसंध्येच्या कौटुंबिक जेवणालाच ते नाव चिकटले. म्हणजे या गोडव्याच्या मुळाशी चैन नव्हती, उपवास होता. दिवसभर पोट रिकामे ठेवून प्रभूच्या जन्माची वाट पाहायची आणि मग त्या शिणलेल्या जिवाला दिलासा द्यायचा, असा तो क्रम होता.

आपल्या वाचकांपैकी जे ज्येष्ठ आहेत त्यांना हा क्रम आठवत असेल. १९१७ च्या धर्मसंहितेनुसार नाताळची पूर्वसंध्या ही उपवासाची व मांस वर्ज्य करण्याची तिथी होती. सहावे पोप पॉल यांनी १७ फेब्रुवारी १९६६ रोजी 'पेनितेमिनी' हे आज्ञापत्र काढून प्रायश्चित्ताचे नियम नव्याने घालून दिले, आणि सक्तीचा उपवास राखेच्या बुधवारी व शुभ शुक्रवारी एवढाच उरला. तोवर २४ डिसेंबरला घराघरांत नेवऱ्यांचे डबे भरलेले असत, तळणीचा वास अंगणापर्यंत दरवळत असे. परंतु मध्यरात्रीच्या मिस्सेला जाऊन आल्याखेरीज त्या डब्याला हात लावायचा नाही असा घरचा दंडक असे.

आता गंमत अशी, की मराठीतील 'फराळ' या शब्दाचीही हीच कथा आहे. फराळ म्हणजे फलाहार. उपवासाच्या दिवशी धान्य टाळून जे खायचे ते फराळाचे. कालांतराने दिवाळीच्या लाडू-करंज्यांनाही तेच नाव मिळाले. दोन धर्म, दोन भाषा आणि दोन पंचांगे असूनही दोघांच्याही सणाच्या गोडाचे नाव उपवासाच्या घरात जन्मलेले आहे. दिवाळीला शेजाऱ्यांकडून येणारे फराळाचे ताट आणि नाताळला त्यांच्याकडे जाणारे कोंसवादाचे ताट ही केवळ शिष्टाचाराची देवघेव नव्हे. तो एकाच अनुभवाचा दुहेरी उच्चार आहे.

ताटातील जुने रहिवासी

ताटातील सर्वांत जुनी रहिवासी नेवरी. तिच्याविषयी वाद नाही. घाटावर जिला करंजी म्हणतात तीच ही. आणि मालवणी मुलखात हिंदू घरांतून गणेशचतुर्थीला नेवऱ्याच होतात. धर्म बदलला, पण लाटणे आणि सारण बदलले नाही. ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. गोव्यातील धर्मन्यायालयाने १७३६ साली जो आदेश काढला, त्यात नवख्रिस्ती कुटुंबांनी जुन्या चालीरीती पाळू नयेत म्हणून बारीकसारीक निषेध घातलेले होते. अंगणातील तुळशीला त्यात मनाई होती, आणि मीठ न घालता भात शिजविण्यालासुद्धा. स्वयंपाकघरापर्यंत पोहोचलेल्या त्या हुकुमाच्या काळातून नेवरी सहीसलामत पार पडली. सण मात्र तिने बदलला. चतुर्थीची नेवरी नाताळची झाली.

दोदोल मात्र पाहुणा आहे. नारळाचा रस, गूळ आणि तांदळाचे पीठ ही सामग्री आपली. पण नाव व कृती मलाया-इंडोनेशियाकडची. मलाक्का, गोवा, श्रीलंका ही बंदरे एकाच सागरी साम्राज्याच्या धाग्यात ओवलेली होती, त्या धाग्यावरून दोदोल इकडे सरकला. बिबिंकेचे नावही फिलिपाइन्समधील 'बिबिंगका'ची आठवण देते. कृती मात्र निराळी. जुन्या गोव्यातील संत मोनिका मठाची स्थापना १६०६ सालची. तेथील एका धर्मभगिनीने बिबिंक प्रथम केली अशी आख्यायिका आहे. आख्यायिका सोडली तरी एवढे खरे, की पोर्तुगालमधील स्त्रियांच्या मठांत अंड्याच्या पिवळ्या बलकाची पक्वान्ने करण्याची मोठी परंपरा होती, आणि बिबिंकेतील बलकांची उधळपट्टी तिकडचीच आहे.

हे ताट गोव्यातून आमच्या मुलखात आले ते माणसांबरोबर. सिंधुदुर्गातील कॅथलिक कुटुंबांपैकी बहुतेकांचे मूळ गोव्यात आहे. राज्य मात्र इथे पोर्तुगिजांचे नव्हते. सावंतवाडीला सावंत-भोसल्यांचे संस्थान होते. मालवण मराठ्यांकडे होते. समोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग उभारला. १८१२ च्या तहाने कोल्हापूरकरांकडून मालवण इंग्रजांकडे गेले. वेंगुर्ल्याला सतराव्या शतकात डचांची वखार होती. म्हणजे आमचे पूर्वज ख्रिस्ती म्हणून जगले ते हिंदू राजांच्या व पुढे इंग्रजांच्या अमलाखाली, आणि बहुसंख्य हिंदू शेजाऱ्यांच्या सोबतीने. म्हणून इथल्या कोंसवादाला एक वेगळे काम पडले. गोव्यात ते मुख्यतः लेकीच्या सासरी आणि आप्तांकडे जाई. इथे त्याला शेजारधर्मही सांभाळावा लागला.

त्या शेजारधर्मात एक अडचण असे. जुन्या काळी सोवळे पाळणाऱ्या घरांतून ख्रिस्ती घरचे शिजवलेले अन्न घेतले जात नसे. मग नारळ, केळी, फार तर साखर असे कोरडे जिन्नस पाठवायचे. दोन्हीकडची माया खरी, पण मध्ये उंबरठा. पुढे शाळा, दवाखाने, मुंबईच्या गिरण्यांतील खोल्या आणि एस. टी.च्या गाड्या यांनी तो उंबरठा झिजवला. तरीही अंडे घातलेले बिबिंक किंवा बातिका शाकाहारी शेजाऱ्याच्या घरी पाठवताना आजही मन कचरते. ही बाब वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा संबंध येणार आहे.

जमिनीखालचा मूग

आता नव्या पाहुण्याच्या आईबापांकडे वळू. त्यातला पहिला शेंगदाणा.

शेंगदाण्याला परका म्हणण्याचे धाडस महाराष्ट्रात कोणी करणार नाही. कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट, चटणीत कूट. तरीही तो दक्षिण अमेरिकेतला. आजच्या बोलिव्हिया व उत्तर अर्जेंटिना या भागात त्याची लागवड प्रथम झाली असे वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. सोळाव्या शतकात स्पॅनिश व पोर्तुगीज जहाजांतून तो आफ्रिका व आशियाच्या किनाऱ्यांवर उतरला. भारतात तो कोणत्या वाटांनी आला हे त्याच्या नावांवरून ताडता येते. तमिळमध्ये त्याला 'मणिला-कोट्टै' म्हणजे मनिलाची बी म्हणतात. बंगालीत तो 'चिनाबादाम', चीनचा बदाम. मराठीने मात्र त्याच्या गावाची चौकशीच केली नाही. ओळखीच्या मुगाशी नाते जोडून तिने त्याला 'भुईमूग' म्हटले. पाहुण्याला 'कुठून आलात?' असे न विचारता 'आमच्या मुगाचा भाऊच की तुम्ही' म्हणणारी ही भाषा आहे.

नाव यथार्थही आहे. भुईमुगाचे फूल जमिनीवर उमलते; पण फलधारणा झाल्यावर त्याच्या आऱ्या खाली वाकतात, मातीत शिरतात, आणि शेंग अंधारात धरते. लोकांच्या नजरेआड, मातीखाली पोसले जाणारे हे फळ आहे. कोकणच्या लाल मातीत भाताच्या कापणीनंतर पाण्याची सोय असेल तेथे भुईमूग घेतात, आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्याची 'कोकण गौरव' ही जातही दिलेली आहे. बाजारातले बरेचसे दाणे मात्र घाट उतरून येतात.

सर्वांत नवल वाटते ते याचे, की हा परदेशी दाणा आपल्या हिंदू बंधूंच्या उपवासाला चालतो. एकादशीला तांदूळ नको, गहू नको. पण शेंगदाणा चालतो, बटाटा चालतो, मिरची चालते, आणि ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो तो कंदही चालतो. चौघेही अमेरिकेतून आलेले! शास्त्रांत ज्यांचे नावच नव्हते, त्यांना मनाई तरी कुठून असणार? अशा रीतीने समुद्रापलीकडचे चार पाहुणे थेट व्रताच्या ताटात जाऊन बसले, आणि कोणाचाही धर्म बुडाला नाही.

काजूचीही कथा जवळची आहे. ब्राझीलमधील तुपी लोकांचा 'अकाजू', पोर्तुगिजांचा 'काजू', आणि तोच आपला काजू. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ साली स्थापन झाले, आणि तेथे निर्माण झालेल्या 'वेंगुर्ला' या नावाच्या काजूच्या जाती आज देशभर लावल्या जातात. ज्या फळाने आमच्या गावाचे नाव देशात नेले, ते फळच मुळी परगावचे!

रोममधील वाद

दुसरा पूर्वज कोको. मध्य अमेरिकेतील माया व अझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून कडवट, फेसाळ पेय करीत. अझ्टेक राज्यात त्या बिया नाण्यांसारख्या चालत. स्पॅनिश लोकांनी त्या पेयात साखर घातली, आणि सतराव्या शतकापर्यंत ते युरोपच्या उच्चकुलीन घरांत व मठांत पोहोचले. स्वीडनचे शास्त्रज्ञ लिनीअस यांनी १७५३ साली या झाडाला 'थिओब्रोमा' म्हणजे 'देवांचे अन्न' असे नाव दिले.

देवांचे अन्न म्हटल्यावर देवाच्या माणसांत वाद होणे आलेच. प्रश्न असा उभा राहिला, की उपवासाच्या दिवशी चॉकलेट प्याल्याने उपवास मोडतो की नाही? ते पेय मानायचे की अन्न? १६३६ साली माद्रिदमध्ये अंतोनियो दे लेओन पिनेलो यांनी या एकाच प्रश्नावर ग्रंथ प्रसिद्ध केला. धर्मसंघांतही मतभेद होते. येशूसंघीय साधारणतः सौम्य मताचे, तर डोमिनिकन कडक. अखेर १६६० नंतरच्या दशकात रोममधील कार्डिनल फ्रांचेस्को मारिया ब्रांकाच्चो यांनी द्रव पदार्थाने उपवास मोडत नाही, आणि पातळ चॉकलेट हे पेयच आहे, असा निर्वाळा दिला. इकडे महाराष्ट्रात शेंगदाणा व्रताच्या ताटात शिरला, तिकडे रोममध्ये चॉकलेटला उपवासाचा परवाना मिळाला. दोघेही अमेरिकेचे, आणि दोघांनाही नव्या घरात प्रवेश मिळाला तो उपवासाच्या दारातून.

खाण्याचे घट्ट चॉकलेट मात्र अलीकडचे. १८२८ साली हॉलंडच्या व्हान हाउटेन यांना कोकोतील स्निग्धांश दाबून वेगळा काढण्याच्या यंत्राचे एकस्व मिळाले. १८४७ साली इंग्लंडच्या फ्राय कंपनीने साच्यात घातलेली वडी काढली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये दानिएल पेटर यांनी दुधाचे चॉकलेट केले. भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात, १७९८ साली, तमिळनाडूतील कुट्रालम येथे कोको लावला गेला होता. परंतु व्यापारी लागवड रुजली ती १९६५ नंतर केरळ-कर्नाटकातील नारळी-पोफळीच्या बागांतून. १९८६ साली कर्नाटकातील पुत्तूर येथे 'कॅम्प्को' या सुपारी बागायतदारांच्या सहकारी संस्थेचा चॉकलेट कारखाना सुरू झाला. नारळी-पोफळीच्या सावलीत वाढणारे हे झाड. म्हणजे आमच्या परसातील हवापाण्याशी त्याचे जमते.

आमच्या लहानपणी मात्र 'चॉकलेट' हा शब्द कागदात गुंडाळलेल्या कोणत्याही गोळीला लावला जाई. लिमलेटची गोळीही चॉकलेटच. खरे चॉकलेट पाहायला मिळे ते कोणी बोटीवरचा मामा किंवा आखातातला काका सुट्टीवर आला म्हणजे. एका वडीचे घरातील सगळ्यांसाठी तुकडे होत. चमचमता कागद पुस्तकात जपून ठेवला जाई.

दोघांची गाठ

शेंगदाणा आणि चॉकलेट यांची गाठ पडली अमेरिकेत. १८८४ साली कॅनडातील मार्सेलस एडसन यांनी भाजलेले दाणे वाटून लोण्यासारखा लगदा करण्याच्या कृतीचे एकस्व घेतले. १८९५ साली डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातील रुग्णांसाठी मांसाला पर्याय म्हणून तशाच कृतीसाठी अर्ज केला. या लोण्याचा शोध जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी लावला असे पुष्कळदा सांगितले जाते, ते बरोबर नाही. परंतु गुलामगिरीत जन्मलेल्या या कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञाने १९१६ साली भुईमुगाच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली आणि गरीब शेतकऱ्याला या पिकाकडे वळवले, हे त्यांचे श्रेय मोठेच आहे. १९२८ साली पेनसिल्व्हेनियातील एच. बी. रीस यांनी दाण्याचे लोणी भरलेल्या चॉकलेटच्या वाट्या विकायला काढल्या. तिकडच्या घरांतून गोळे वळून चॉकलेटात बुडविण्याची पद्धत नाताळच्या दिवसांत रूढ झाली, आणि परदेशी गेलेल्या लेकीसुनांबरोबर ती इकडे आली.

पण नीट पाहिले तर यात आपल्याला नवे ते किती? दाणे भाजणे, सुपात पाखडून टरफले उडविणे, खलबत्त्यात कुटणे, कूट व गुळाचा लाडू वळणे, हे मराठी घरातील पोरही जाणते. चिक्की आणि दाण्याचा लाडू हे या पदार्थाचे सख्खे नातलग आहेत. वर चढविलेला काळा अंगरखा तेवढा नवा.

ज्यांना करून पाहायचे असेल त्यांच्यासाठी रीत सांगतो. अर्धा किलो दाणे निवडून घ्यावेत. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निष्ठुरपणे टाकावेत. दाण्यावरील बुरशी विषारी असते आणि भाजल्याने ते विष पुरते जात नाही. मंद विस्तवावर सोनेरी भाजून, निवल्यावर टरफले काढावीत. मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावे. प्रथम कोरडे कूट होईल, मग गोळा धरेल, आणि मग दाणा आपले तेल सोडू लागेल. दाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मे तेल असते, म्हणून वरून तेल घालण्याची गरज नाही. यात पाव किलो पिठीसाखर, पन्नास ग्रॅम लोणी व चिमूटभर मीठ घालून मळावे. सैल वाटल्यास मूठभर कोरडे कूट घालावे. सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळून थंड करावेत. पन्नासेक गोळे होतात.

चॉकलेट सुमारे चारशे ग्रॅम लागते. ते थेट विस्तवावर ठेवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यावर कोरडे भांडे ठेवून त्यात वितळवावे, आणि पाण्याचा एक थेंबही आत जाऊ देऊ नये. एवढ्याशा ओलाव्याने साखरेचे व कोकोचे कण एकमेकांना चिकटतात आणि सगळे चॉकलेट आवळून खरखरीत होते. गोळा काट्यावर घेऊन बुडवावा, निथळवावा आणि लोणीकागदावर ठेवावा. दाट वाटल्यास चमचाभर खोबरेल घालावे. अधिक घातल्यास मात्र आपल्या हवेत वरचा थर मऊच राहील, कारण खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांनाच विरघळते. कोकोचे लोणीही अंगाच्या उबेला वितळणारे. मालवणात डिसेंबरातसुद्धा दुपारी पारा तिशीपार जातो. म्हणून हे काम पहाटे किंवा रात्री, जेवणे उरकल्यावर करावे. आणि वाटताना विचारावे. काही मुलांना दाणा सोसत नाही आणि त्यांच्या जिवावर बेतू शकते.

प्रश्न कशाचा आहे

आता मूळ शंकेकडे येऊ. हे आपले कसे? वंशावळ पाहिल्यावर एवढे तरी दिसते, की ताटातील जवळजवळ प्रत्येक जिन्नस कधी ना कधी उंबरठ्याबाहेर उभा होता. दोदोल उभा होता, काजू उभा होता, शेंगदाणाही उभा होता. 'आपले' हा जन्माने मिळणारा दाखला नसून हाताने घडविण्याची गोष्ट आहे. ज्या पदार्थासाठी घरातील माणसे एकत्र बसली, ज्यात त्यांचा वेळ आणि मेहनत गेली, आणि जो झाकून शेजारच्या दारात नेला गेला, तो आपला.

या कसोटीवर नव्या पाहुण्याचे पारडे हलके ठरत नाही. त्यात अंडे नाही, मद्य नाही. जे बिबिंक शाकाहारी शेजाऱ्याच्या दाराशी अडखळते, त्याच्या जागी हा दाण्याचा गोळा निःशंकपणे आत जातो. आमच्या आज्यांना नारळ-केळी पाठवून जे साधावे लागे, ते नातींना आपल्या हातच्या पदार्थाने साधता येते. हे आम्हांला थोडे वाटत नाही.

खरा धोका निराळाच आहे. तो नव्या पदार्थापासून नाही. ताट बाजारातून भरण्याच्या सवयीपासून आहे. घरे लहान झाली, मुले मुंबई-पुण्याला किंवा परदेशात गेली, उरलेल्या दोन वृद्ध जिवांना तळणीपुढे बसणे झेपत नाही. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली. आता एका रात्रीत मुले येतात आणि दोन दिवसांत परततात. येताना मिठाईचा रंगीत खोका आणतात. त्यांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. हेही मान्य केले पाहिजे, की जुन्या कोंसवादाचा भार स्त्रियांनीच वाहिला. दोदोलाच्या कढईपुढे तास न् तास उलथणे फिरविणारे हात त्यांचे होते, आणि वाखाणणी 'घराण्याच्या चवी'ची होई. ती परंपरा जशीच्या तशी टिकावी असे म्हणणाऱ्या पुरुषाने आधी उलथणे हाती घ्यावे.

परंतु कुलकुले वळायला सगळे घर बसे. पोरेबाळे, आजोबा, शेजारची मुलगी. त्या बसण्यात आगमनकाल संपत येई. बोलता बोलता जुनी माणसे, मेलेले आप्त, गावाच्या गोष्टी मुलांच्या कानी पडत. खोक्यातील मिठाईने जीभ गोड होते, पण हे बसणे होत नाही. दोदोलाला चार तास देणे जमत नसेल तर दाण्याच्या गोळ्यांना दीड तास द्यावा. नातवाने दाणे सोलावेत, लेकाने मिक्सर फिरवावा, आजीने गोळ्याचा आकार ठरवावा, सुनेने चॉकलेटवर नजर ठेवावी. आणि त्या दीड तासात आजीला विचारून दोदोलाचे प्रमाण वहीत उतरवून घ्यावे, कारण ते कोठेही छापलेले नाही. आज्या 'अंदाजाने' म्हणतात. तो अंदाज त्यांच्याबरोबर जातो.

२००५ साली सिंधुदुर्ग हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आपल्या धर्मग्रामांचा लिखित इतिहास आता हळूहळू जमू लागेल. नोंदवह्या, चर्चच्या इमारती, धर्मगुरूंची नावे. त्या इतिहासात स्वयंपाकघराचेही एक पान असावे अशी आमची इच्छा आहे. पोर्तुगीज नावाचा सण, मलायी नावाचा गोड, ब्राझीलचा काजू, मेक्सिकोचा कोको आणि भुईतला मूग यांना एका ताटात सुखाने नांदवणाऱ्या बायांचे ते पान असेल. ज्याच्या जन्माचा हा सण, त्यालाही धर्मशाळेत जागा मिळाली नव्हती. त्याचा सण पाळणाऱ्यांनी दाराशी आलेल्या पाहुण्याला, मग तो पदार्थ असो की माणूस, थोडे सरकून जागा करून द्यावी, हे उचित आहे.